राउंड बावीसपासून

पुरुषांच्या वॉर्डात बावीस खाटा होत्या. एक नंबरची खाट दाराशी, सिस्टरच्या टेबलासमोर. डोक्यावर पंखा, डाव्या हाताला मोठी खिडकी. बावीस नंबरची पार टोकाला, बाथरूमच्या भिंतीला पाठ लावून. तिथला पंखा फिरायचा, पण वारा द्यायचा नाही, नुसती हजेरी लावायचा. एक नंबरवाल्याने नुसतं हुं केलं तरी तीन पावलांत कोणीतरी हजर. बावीस नंबरवाल्याची हाक मात्र एकवीस जणांच्या खोकल्यातून वाट काढत निघायची आणि सिस्टरच्या टेबलापर्यंत पोचेस्तोवर तिचा पार भुगा झालेला असायचा.

जगातले झाडून सगळे डॉक्टर एकपासून बावीसपर्यंत जातात. या वॉर्डाचे डॉक्टर बावीसपासून एकपर्यंत यायचे. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, सव्वीस वर्षं. त्यामुळे सगळ्या इस्पितळात त्यांचं नाव 'उलटे डॉक्टर' पडलं होतं आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. एक्स-रेवाल्याला फोन लावला की स्वतःच सांगायचे, "हॅलो, उलटा बोलतोय. सुलटा फोटो पाठवा."

राउंड उलटा व्हायचा तो मावशीमुळे. म्हणजे हुकूम डॉक्टरांचा, पण हात मावशीचे. वॉर्डात फाइलींची एक ट्रॉली होती, तीन कप्प्यांची, पत्र्याची, जिथे वळू नये तिथे नेमकी वळणारी. ट्रॉली जिथे उभी, तिथून राउंड सुरू, हा नियम. आणि सकाळी आठच्या ठोक्याला ती बावीस नंबरच्या पायथ्याशी नेऊन उभी करायची, वरची फाइल बावीसची, खालची एकवीसची, हे काम मावशीचं. डॉक्टर आले त्याच्या आधी दोन वर्षं ती या वॉर्डात लागली होती. लादी पुसणं, चादरी बदलणं, खाटेवर शौचाची भांडी देणं, लघवीच्या पिशव्या रिकाम्या करणं, हे सगळं तिच्याकडे. उंची पाच फुटांना दोन बोटं कमी. पण वॉर्डाच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली की भेटीच्या वेळेआधी आलेला कोणाचा पैलवान भाचासुद्धा मुकाट मागे फिरायचा.

आणि मावशीला नकला यायच्या. यायच्या म्हणजे काय, तिच्या अंगात माणसं यायची. सिस्टर इंजेक्शन भरताना ओठ कसे चावते, सर्जन "कापून टाकू" म्हणताना किती खुशीत येतो, सात नंबरचा म्हातारा बायको आली की कण्हायला कसा लागतो आणि ती गेली की शेजाऱ्याशी राजकारणावर कसा तावातावाने भांडतो, सगळं. डॉक्टरांची नक्कल तर ती डॉक्टरांसमोरच करायची. कारण डॉक्टरांनीच ती मागितली होती.

राउंड संपला की सामानाच्या खोलीत सलाइनच्या खोक्यांवर बसून दोघं चहा घ्यायची. डॉक्टर उंच, जरा वाकलेले, बसले की गुडघे कपाला लागायचे. पहिला घोट झाला की विचारायचे, "मावशी, आज मी कसा होतो?"

मावशी कप ठेवायची, मान खाली घालायची, चष्मा नसताना चष्मा वर करायची, आणि डॉक्टर व्हायची. "चौदा नंबरला तुम्ही असे." आणि एक हात खाटेच्या दांड्यावर, एक डोळा मनगटावर. "झोप लागली ना? लागली. छान. छान छान."

"मी घड्याळ पाहिलं?"

"दोनदा. आणि छान तीनदा म्हणालात. तुमचं लक्ष नसलं की तुमचे छान वाढतात."

डॉक्टर अर्धा चहा तसाच टाकून चौदा नंबरकडे जायचे. परत येईपर्यंत मावशी तो अर्धा कप बशीने झाकून ठेवायची. सिस्टर म्हणायची, "काय गं, एवढ्या मोठ्या डॉक्टरांना तू नाचवतेस." मावशी म्हणायची, "मी नाही बाई, मी नुसता आरसा धरते. तोंड त्यांचं."

लक्ष असलं की डॉक्टर वेगळे असायचे. मग ते खाटेच्या कडेवर बसायचे आणि फक्त दोन शब्द वापरायचे. बरं, मग? त्या 'मग'नंतर ते गप्प बसायचे. किती गप्प? समोरच्याला स्वतःचीच लाज वाटून तो खरं बोलेपर्यंत गप्प.

"गोळ्या घेता ना?"

"घेतो की, डॉक्टर."

"बरं. मग?"

"म्हणजे... सकाळची घेतो."

"बरं. मग?"

"रात्रीची खिडकीतून टाकतो."

एकदा अशाच एका उत्तरानंतर डॉक्टर खाली बागेत जाऊन पाहून आले आणि म्हणाले, "खिडकीखालच्या झाडाचं ब्लडप्रेशर आता उत्तम आहे. उद्यापासून तुम्ही घ्या." सगळा वॉर्ड हसला, गोळ्या टाकणारा सगळ्यांत जास्त. आणि दुसऱ्या दिवसापासून घ्यायला लागला.

हा उलटा कारभार का, हे मावशीने त्यांना अकरा वर्षं विचारलं नव्हतं. बाराव्या वर्षी विचारलं. डॉक्टरांनी कप खाली ठेवला.

"नवा होतो तेव्हा मीही एकपासूनच जायचो, मावशी. दुसऱ्या इस्पितळात. शेवटच्या खाटेपर्यंत पाय दुखायला लागायचे, डोकं चहाकडे. एक हमाल होता शेवटी. मी त्याच्याजवळ गेलोसुद्धा नाही. पायथ्याशी उभं राहून विचारलं, ठीक आहे ना? तो म्हणाला, ठीक आहे. दुपारी साडेतीनला गेला."

मावशीने तो कप बशीने झाकला.

"तो खोटं नाही बोलला. मीच असं विचारलं की त्याला दुसरं काही बोलताच येऊ नये." मग त्यांनी नाकावरचा चष्मा वर केला. "मी शेवटी दमणारच. रोजच दमणार. मग दमायचंच तर एक नंबरला दमावं. त्याच्याकडे येताजाता सगळेच बघतात."

एवढंच. हे त्यांनी पुन्हा कधी सांगितलं नाही आणि मावशीनेही कोणाला सांगितलं नाही. या एकाच गोष्टीची नक्कल तिने कधी केली नाही.

निवृत्तीला सात महिने उरले असताना एका गुरुवारी डॉक्टर आठला आले नाहीत. ट्रॉली बावीस नंबरशी उभी. सव्वाआठ झाले. मावशीने ट्रॉलीचं हँडल पुसलं, मग पुन्हा पुसलं. साडेआठला टेबलावरचा फोन वाजला. सिस्टरने ऐकला, ठेवला, आणि नीटच ठेवलेला तो फोन पुन्हा उचलून नीट ठेवला. डॉक्टर घरी बुटाची नाडी बांधायला वाकले होते, ते उठलेच नाहीत. बातमी एक नंबरपासून निघून खाटेखाटेने बावीसपर्यंत गेली. सव्वीस वर्षांत त्या वॉर्डात पहिल्यांदा काहीतरी सरळ गेलं.

मावशी लगेच रडली नाही. तीन जणांना भांडी द्यायची होती. दुपारी अडीचला बाथरूममध्ये नळ सोडून ती रडली आणि नळ बंद करून बाहेर आली.

त्यानंतर वॉर्डात आलं परिपत्रक. परिपत्रक म्हणजे कागदही आणि माणूसही. कारण इस्पितळाच्या प्रशासक साहेबांना सगळे त्याच नावाने ओळखायचे. साहेब माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त असं वाटायचं की जे लिहिलं ते झालं. बोलायचाही तसाच, जणू प्रत्येक वाक्याला क्रमांक आहे. मावशी त्याची नक्कल करताना हनुवटी गळ्यात रुतवायची: "सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, खोकला आल्यास तो दुपारी दोन ते तीन या वेळेतच काढण्यात यावा."

खरं परिपत्रक याच्याहून फार वेगळं नव्हतं. सर्व वॉर्डांत राउंड खाट क्रमांक एकपासून सुरू व्हावा, एकसूत्रता राहावी. रोज दहा वाजता सर्व वॉर्डप्रमुखांनी बैठकीस हजर राहावं. आणि शेवटी दिवंगत डॉक्टरांच्या स्मरणार्थ महिनाभराने शनिवारी सभागृहात सभा, तसंच पुरुषांच्या वॉर्डाच्या दाराशी त्यांच्या नावाचा फलक.

"बघ," सिस्टर म्हणाली, "फलक लावतायत."

"फलक दारात आणि डॉक्टर दाराबाहेर," मावशी म्हणाली. "हे बरंय."

वॉर्डप्रमुख म्हणून छोट्या मॅडम आल्या. त्या काही परक्या नव्हत्या. सहा वर्षं डॉक्टरांच्या हाताखाली शिकल्या होत्या, त्यांच्यासारखाच स्टेथोस्कोप खिशात कोंबायच्या. हुशार, मायाळू, पण साहेबाला घाबरायच्या. बैठकीत साहेबाने नुसतं पेन टकटक वाजवलं तरी त्यांच्या मानेवर लाल पट्टे उठायचे. त्यांनी मावशीला पहिल्याच दिवशी सांगितलं, "मावशी, ट्रॉली एक नंबरला लावा हं. थोडे दिवस. मी स्थिरावले की बघू."

मावशीने लावली. नव्या सुनेला पहिल्या दिवशी कोणी बोलतं का? अकरा दिवस लावली.

बाराव्या दिवशी रंगाऱ्याचं झालं.

रंगारी बावीस नंबरवर होता. घरांना रंग देणारा, साठीचा, नखांत अजून पांढरा रंग. लघवी तुंबली म्हणून आलेला, नळी घातलेली, ऑपरेशन व्हायचं होतं. बोलायचा कमी, पण बोलला की टोला. पहिल्याच दिवशी भिंतीकडे बघून म्हणाला होता, "हा रंग ज्याने दिला त्याला माझ्या शेजारची खाट द्या."

त्या दिवशी सकाळी सहाला मावशी पिशवी रिकामी करायला गेली तर पिशवीत काहीच नाही. रात्रीच्या सिस्टरला सांगितलं. तिने फाइलीत लिहिलं, लाल शाईने, खाली रेघ मारून, आणि ड्युटीवरच्या डॉक्टरांना फोनही केला. ते म्हणाले, "राउंड येतोच आहे ना आता." आठला राउंड आला, एक नंबरला. लाल शाईची फाइल ट्रॉलीच्या तळाशी, वर एकवीस फाइली. दहा वाजले तेव्हा राउंड अकराव्या खाटेशी होता. मॅडम बैठकीला गेल्या. मावशी तोवर दोनदा सिस्टरकडे आणि एकदा ड्युटीरूमपर्यंत जाऊन आली होती. सगळीकडे एकच उत्तर, राउंड येतोय. बाराला मॅडम बावीसपाशी पोचल्या. रंगारी दोन्ही मुठींत चादर धरून पडला होता, पोट ताणून दगड झालेलं. नळी तुंबली होती. सिरिंजने पाणी मारून ती मोकळी करायला चार मिनिटं लागली. चार मिनिटांच्या कामाला सहा तास.

"अहो, ओरडला का नाहीत?" मॅडमचा आवाज चिरकला.

"सगळे म्हणत होते राउंड येतोय," रंगारी घामाघूम हसला. "म्हटलं, येणाऱ्या पाहुण्याला काय ओरडायचं."

पिशवी भरत होती ते मावशी बघत उभी राहिली. मग ट्रॉलीच्या हँडलला हात लावला आणि म्हणाली, "ठीक आहे." तो 'ठीक आहे' ऐकून सिस्टरने हातातलं काम थांबवून तिच्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी आठला ट्रॉली बावीस नंबरला होती.

"मावशी," मॅडम दारातून म्हणाल्या, "ट्रॉली?"

"चाक अडतंय, मॅडम. तिथेच अडलंय."

मॅडमनी स्वतः ढकलत ट्रॉली एक नंबरला आणली. चाक काही अडलं नाही. तिसऱ्या दिवशी ट्रॉली पुन्हा बावीसला. "लादी ओली होती." चौथ्या दिवशी, "सवयीचा गुलाम माणूस, मॅडम, पाय आपोआप जातात." पाचव्या दिवशी मावशीने सबब सांगायचंही सोडून दिलं. मॅडम ओढून न्यायच्या, मावशी दुसऱ्या सकाळी पुन्हा लावायची. बावीसच्या बावीस जण उशीला टेकून हा सामना बघायचे. नऊ नंबरने आणि दहा नंबरने तर बाजू वाटून घेतल्या. रंगारी म्हणाला, "मावशी, माझ्यासाठी कशाला वैर घेता? मी तर ऑपरेशन झालं की जाईन."

"तुमच्यासाठी नाही हो," मावशी म्हणाली. "तुम्ही गेलात की या खाटेवर दुसरा येईल. खाट कुठे जाते?"

आठव्या दिवशी साहेबाचा शिपाई पाकीट घेऊन आला. कारणे दाखवा नोटीस. परिपत्रकाचा वारंवार भंग केल्याबद्दल आपली बदली तळघरातील कपडे विभागात का करण्यात येऊ नये, याची लेखी कारणे तीन दिवसांत सादर करावीत.

तळघर म्हणजे खिडकी नाही, माणूस नाही. नुसती उकळती पिंपं आणि चादरींचे ढीग. चादरीची काय नक्कल करणार?

घरी मावशीचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून तो नोटीस तीनदा वाचून गेला, जणू तिच्यात एखादा दाता मोडलेला सापडेल.

"लिहून टाक, चूक झाली, पुन्हा होणार नाही," तो म्हणाला. "चार वर्षं राहिलीत तुझी. तळघरात गुडघे राहतील का?"

"अहो, तुमच्याकडे कोणी घड्याळ आणलं उलटं चालणारं, तर तुम्ही काय करता?"

"दुरुस्त करतो."

"आणि ते बरोबर वेळ दाखवत असेल तर?"

नवऱ्याने भिंग काढलं. "उलटं चालणारं घड्याळ बरोबर वेळ दाखवत नाही."

"दाखवत होतं," मावशी म्हणाली. "सव्वीस वर्षं."

"तुझ्याशी बोलायचं म्हणजे दगडावर डोकं आपटायचं."

"मग आपटू नका. पेन द्या."

बराच वेळ लिहून, खोडून, दोन कागद चुरगळून तिने तिसऱ्यावर जे लिहिलं ते नवऱ्याने वाचलं. तो हसू दाबत दाबत शेवटी फुटलाच. "हे देणार? अगं, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण."

"माझा हात, माझं अवलक्षण."

उत्तर असं होतं: 'साहेबांस, आपण कारण विचारलं आहे. कारण सध्या खाट क्रमांक बावीसवर झोपलेलं आहे. भेटायची वेळ दुपारी चार ते सहा.'

शुक्रवारी तिने ते शिपायाच्या हातात दिलं. निर्णय सोमवारी कळवण्यात येईल, असं उत्तर आलं. साहेब काही चार ते सहात फिरकला नाही.

शनिवारी सभागृह भरून वाहत होतं. बरे होऊन गेलेले लोक आले होते, कोणी काठी टेकत, कोणी पोरांना घेऊन. व्यासपीठावर डॉक्टरांचा फोटो. फोटोवाल्याने त्यांचं वाकलेपण पुसून त्यांना ताठ बसवलं होतं. मावशीने पहिल्यांदा त्यांना ओळखलंच नाही. बोलणाऱ्यांच्या यादीत सात नावं होती, त्यातल्या चौघांनी तो वॉर्ड आतून पाहिला नव्हता. एकजण म्हणाला, डॉक्टर म्हणजे दीपस्तंभ. दुसरा म्हणाला, वटवृक्ष. तिसऱ्याने दोन्ही गेलेले बघून हिमालय घेतला. मागच्या रांगेत मावशी सिस्टरच्या कानात कुजबुजली, "आणखी दोघं बोलले की भूगोलाचं पुस्तक पुरं होईल."

साहेब बोलला तो क्रमांकाने. फलकाचा आकार सांगितला, दगडाचा रंग सांगितला. मग छोट्या मॅडम उठल्या. त्यांचे डोळे खरे होते. त्या म्हणाल्या, "डॉक्टरांनी मला औषधं शिकवली, ती पुस्तकातही होती. पण त्यांनी मला शिकवलं की राउंड नेहमी शेवटच्या खाटेपासून सुरू करायचा. जो सगळ्यांत लांब, त्याच्याकडे सगळ्यांत आधी. हे मी आयुष्यभर विसरणार नाही."

टाळ्या पडल्या. साहेबानेही वाजवल्या. टाळ्या थांबल्या आणि मागच्या रांगेतून आवाज आला.

"मॅडम, मग सोमवारी ट्रॉली कुठे लावू?"

सगळ्या माना मागे वळल्या. मावशी उभी होती. म्हणजे उभी राहिली असावी, कारण पाच फुटांना दोन बोटं कमी असलेलं माणूस उठलंय की बसलंय हे लांबून कळत नाही. म्हणून ती खुर्चीवर चढली.

"आपण कार्यक्रमानंतर भेटा," साहेब म्हणाला.

"कार्यक्रमानंतर तुम्ही लेखी मागता, साहेब. म्हणून इथे तोंडी विचारतेय."

"ही शोकसभा आहे."

"म्हणूनच तर. शोक कशाचा चाललाय तेवढं कळू दे." आणि मावशीने मान खाली घातली, नसलेला चष्मा वर केला, आणि सभागृहातल्या निम्म्या लोकांच्या अंगावर काटा आला. कारण खुर्चीवर डॉक्टर उभे होते. तेच वाकलेपण, फोटोतून पुसलेलं. "बरं," त्या आवाजाने छोट्या मॅडमना विचारलं. "मग?"

आणि मावशी गप्प बसली. डॉक्टर बसायचे तितकी गप्प.

कोणीतरी हसलं, कोणी नाक ओढलं. साहेब पेन टकटक करू लागला. मॅडमच्या मानेवर लाल पट्टे उठले.

"मावशी, दहाला माझी बैठक असते..."

"बैठकीचं नाही विचारलं मॅडम. ट्रॉलीचं विचारलं."

टकटक. टकटक.

"बावीसला," मॅडम पुटपुटल्या.

"माइकवर, मॅडम. मागे ऐकू येत नाही. शेवटच्या रांगेला कधीच ऐकू येत नाही."

मॅडमनी माइक जवळ ओढला. तो किंचाळला. त्या किंचाळण्यावरून त्या जवळजवळ ओरडल्याच, "बावीसला लावा! आणि बैठकीला मला उशीर होईल!"

यावेळी टाळ्या मागच्या रांगांनी सुरू केल्या. साहेबाने पेन खिशात घातलं.

सोमवारी पावणेआठला साहेब स्वतः वॉर्डात आला. बगलेत फाइल, फाइलीत मावशीच्या बदलीचा कागद, आणि मागे शिपाई. दोन ओळींच्या मधल्या वाटेत, नऊ नंबरच्या खाटेपाशी, तो बरोबर मध्यात उभा राहिला. बावीस जण उशांवर टेकले. सिस्टर इंजेक्शन भरताना ओठ चावत होती. छोट्या मॅडम आधीच पार टोकाला, रंगाऱ्याच्या खाटेच्या कडेवर बसल्या होत्या. हात रिकामे, फाइल अजून पोचायची होती. त्यांच्या मानेवर पट्टे होते, पण त्या उठल्या नाहीत.

मावशीने दारातून ट्रॉली आत घेतली, वरची फाइल बावीसची आहे ना हे बोटाने पाहिलं आणि ढकलायला सुरुवात केली. तीन नंबर गेला, पाच गेला, सात नंबरचा म्हातारा कण्हायचं विसरला. नवव्या खाटेशी ट्रॉली साहेबाच्या बुटांपासून वीतभर अंतरावर थांबली.

"हा आपल्या बदलीचा आदेश आहे," साहेब म्हणाला. "उद्यापासून कपडे विभाग."

"उद्यापासून ना?"

"उद्यापासून."

"मग आज सोमवार आहे, साहेब. आज मी इथली." तिने कागद घेतला, वाचला, चार घड्या केल्या आणि कमरेला खोचला. "आणि उद्या मी खाली गेले तरी ट्रॉलीला चाकं आहेत. ढकलायला इथे माणसं आहेत. नऊ नंबर, ढकलशील का रे?"

"ढकलीन की," नऊ नंबर म्हणाला. दहा नंबर म्हणाला, "मीपण." त्याच्या हातात सलाइन होतं, तरी म्हणाला.

"मावशी, आपण सरळ सरळ आदेश मोडता आहात."

"मोडत नाहीये, साहेब. ढकलतेय."

साहेब हलला नाही. मावशीही हलली नाही. टोकाकडून छोट्या मॅडमचा आवाज आला, जरा कापरा, पण वॉर्डभर ऐकू जाईल इतका, "मावशी, रंगारीकाकांची फाइल हवीय. रात्री पिशवी किती भरली?"

"आठशे!" मावशीने साहेबाच्या खांद्यावरून ओरडून सांगितलं. "लिहिलंय, निळ्या शाईत!" मग तिने हँडलवर दोन्ही हात घट्ट केले, अंगाचा सगळा भार पुढे टाकला आणि खाली बघत म्हणाली,

"साहेब, पाय."

साहेबाने पाय बाजूला घेतला.